वापरणाऱ्याची चूक

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच समज. प्रत्यक्ष घातला तर मला उठवायला दोन माणसं लागतील. वजन पुन्हा वाढलंय, हे आईने तुला सांगितलंच असेल.) भाऊजींनाही माझा नमस्कार सांग. त्यांचा गुडघा कसा आहे, आणि तुझं पित्त कमी झालंय की अजून सकाळी उठल्याउठल्या सगळ्या घरावर निघतं, ते सविस्तर कळव. इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. सगळे म्हणजे मी आणि तुझी भावजय. सध्या इतकेच आहोत.

फोन असताना हा बाबा पत्र का लिहितोय, असं तुला वाटेल. फोन करून पाहिला गं. चार वेळा केला. चारही वेळा आईने उचलला, माझा आवाज ऐकला आणि "देते हं" म्हणून तुझ्या हातात दिला. तू आपली "बोल" म्हणून गप्प. मग मी काय बोलणार, डोंबल? तिकडे पाऊस आहे का एवढं विचारून ठेवून दिला. (चौथ्या वेळी तू म्हणालीस, "नाही, आणि कालही नव्हता.") शिवाय अठरा वर्षं सर्व्हिसचे फॉर्म भरून भरून माझं असं झालंय, की हातात पेन असल्याशिवाय मला स्वतःची बाजू मांडताच येत नाही.

तर माझी बाजू. आई तुझ्याकडे येऊन आज बारा दिवस झाले. ती परत येणार की आता तिकडेच राहणार, हे तिने मला सांगितलेलं नाही. तुझ्या भावजयीला सांगितलंय म्हणे, पण ती तोंडाला कुलूप लावून बसली आहे. माझं म्हणणं एवढंच, की आईला हवे तितके दिवस खुशाल राहू दे. मला काही घाई नाही. फक्त तिने तुला जे सांगितलं असेल ते एका बाजूचं आहे. (आणि तिने काहीच सांगितलं नसेल, ज्याची शक्यता जास्त, तर ते त्याहून वाईट आहे.)

भाऊजी मला अजून सुतार समजतात, म्हणून आधी त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. (थोडक्यात सांगणं मला जमत नाही. तू पाणी पिऊन घे.) ऑफिसांच्या, बँकांच्या, दवाखान्यांच्या मोठ्या इमारतींना जी आपोआप सरकणारी काचेची दारं असतात, त्यांची दुरुस्ती आणि देखभाल मी करतो. दाराच्या वर मधोमध एक सेन्सर बसवलेला असतो. समोरून कुणी चालत आलं की त्याला हालचाल कळते, तो मोटरला कळवतो, मोटर पट्टा ओढते आणि दोन्ही काचा बाजूला होतात. माणूस आत गेला की काही सेकंद थांबून काचा पुन्हा मिटतात. झालं. यात बिघडण्यासारखं फारसं काही नाही, आणि जे आहे ते दर महिन्याला बिघडतं, म्हणून आमची चूल पेटते. रुळात धूळ आणि केस अडकतात, चाकं झिजतात, पट्टा सैल पडतो. यातलं काहीच झालेलं नसेल आणि तरी तक्रार आलेली असेल, तर फॉर्मवरच्या 'कारण' या रकान्यात लिहायला आमच्या धंद्यात दोन शब्द ठरलेले आहेत: वापरणाऱ्याची चूक. म्हणजे दार शहाणं, माणूस वेडा. हे लिहिलं की इमारतीचे साहेब खूश, कंपनी खूश आणि मी जेवायच्या वेळेला घरी.

आईचा डोळ्यांचा डॉक्टर ज्या सहा मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर बसतो, तिथलं दार माझ्याकडे आहे. पाच वर्षं मीच त्याला पोसलंय. आईने ते कधी पाहिलं नव्हतं. म्हणून त्या दिवशी सकाळपासून मी तिचे कान खाल्ले: माझं दार असं आहे, माझं दार तसं आहे. बसमध्ये शेजारच्या बाईंनाही सांगितलं. रजा होती तरी मी मुद्दाम कंपनीचा शर्ट घालून गेलो होतो, पाठीवर नाव असलेला, म्हणजे तिथल्या लोकांनी ओळखावं आणि आईने ते बघावं. (एकावन्न वर्षांचा घोडा आहे मी, ताई. लाज मला तेव्हाही वाटायला हवी होती.) इमारतीसमोर आल्यावर मी मागे थांबलो आणि तिला म्हटलं, तू पुढे हो, कशाला हात लावू नकोस, नुसती चालत जा आणि गंमत बघ.

आई गेली. गंमत काही झाली नाही. तिची चाल तुला माहीत आहे. पाऊल उचलत नाही, पुढे सरकवते. उंची मुळात बेताची, त्यात आता पाठ वाकलेली. ती काचेपासून हातभर अंतरावर जाऊन उभी राहिली आणि दार आपलं ढिम्म. तिने वर बघितलं, खाली बघितलं, आणि मग एका बोटाने, परक्याच्या घरी वाजवावं तसं, हळूच काचेवर टकटक केलं. थोडं थांबून पुन्हा केलं. मग आत डोकावून विचारलं, कुणी आहे का घरात? आतला वॉचमन इतका हसला की त्याला खुर्ची धरावी लागली. तेवढ्यात मागून एक मुलगी टाचा वाजवत आली आणि दार तिच्यासाठी तत्काळ सताड उघडलं. आई काय करणार? बाजूला झाली, आधी तिला जाऊ दिलं. तिच्या मागून दोघं आले, त्यांनाही जाऊ दिलं. दार मिटलं. असं चार वेळा झालं. आईच्या डोळ्यांदेखत अख्खी इमारत कामाला लागली आणि आई पायरीवरच.

शेवटी पार्सल घेऊन आलेल्या एका माणसाच्या पाठोपाठ ती कशीबशी घुसली. तो गेला पुढे आणि ही बरोब्बर उंबऱ्यावर, जिथे कुणी म्हणजे कुणीही थांबायचं नसतं, तिथे थांबली. मग एक पाऊल आत टाकलं, पण हात मागेच राहिला, हातात पिशवी, आणि काचा पिशवीच्या बंदांवर येऊन मिटल्या. दाराला काहीतरी लागलं की ते परत उघडतं, तसं ते उघडलं, पण बंद काचांच्या कडेच्या रबरात अडकलेले, म्हणून पुन्हा मिटलं. तीनदा असं झालं आणि चौथ्यांदा ते मिटून जे बसलं ते बसलंच. आता आई आत, तिच्या हातात पिशवीचे बंद. पिशवी बाहेर, ती माझ्या हातात. मध्ये काच. आत पंधरा माणसं खोळंबलेली, बाहेर वीस, आणि माझ्या पाठीवर कंपनीचं नाव.

दाराच्या वरचं झाकण आतल्या बाजूने उघडतं. म्हणून मी आईला खुणेने सांगितलं, बंद सोडू नकोस, आणि तळघरातल्या गाड्यांच्या वाटेने फिरून आत गेलो. (ते का सोडायचे नव्हते, हे आजही मला सांगता येणार नाही. काहीतरी हुकूम सोडल्याशिवाय मला कारागीर असल्यासारखं वाटत नाही.) वॉचमनच्या खुर्चीवर चढून वीज बंद केली, काचा हाताने ओढल्या, पुन्हा चालू केलं. वीस मिनिटं गेली. आई तोवर बंद धरून उभी. मग आमच्या पद्धतीप्रमाणे मी तीनदा चालून पाहिलं आणि तिन्ही वेळा दार असं उघडलं, जणू माझीच वाट बघत होतं. एव्हाना इमारतीचे व्यवस्थापक खाली आले होते. आम्ही त्यांना टायसाहेब म्हणतो, कारण त्यांना टायशिवाय कुणी पाहिलेलं नाही. त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, नक्की झालं काय होतं?

ताई, इथे मी पाणी प्यायला उठलो होतो. आता लिहितो. मी छाती पुढे काढून, अगदी मागच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "दारात काहीही दोष नाही, साहेब. आमच्या आईचीच चाल चुकली." वर फॉर्म भरला. कारण: वापरणाऱ्याची चूक. ज्याला त्रास झाला त्याची खाली सही लागते, म्हणून तो आईपुढे धरला. तिने पिशवीतून चष्मा काढला, त्याची एक दांडी तुटली होती, तो हाताने डोळ्यांसमोर धरून तिने फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचला आणि विचारलं, "वापरणारा म्हणजे कोण रे?" मी म्हटलं, म्हणजे तू. तिने मान हलवली आणि सही केली. तुला माहीत आहे तिची सही किती रेखीव आहे. त्या फॉर्मवर वाचता येण्यासारखं तेवढंच होतं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण परतताना बसमध्ये तिने मला विचारलं, "घरातसुद्धा मी अशीच मध्ये मध्ये थांबते का रे?" आणि मी गाढवाने, ताई, हे घराच्या रचनेबद्दल विचारतेय असं समजून म्हटलं, हो ना, स्वयंपाकघराच्या दारात तर रोजच. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने बॅग भरली. मी डबा घेऊन कामावर निघालो होतो. मला वाटलं, कपडे आवरतेय.

पुढचं सगळं तुझ्या भावजयीमुळे. चार दिवस ती माझ्याशी फक्त भाजी काय करू एवढंच बोलत होती. (आणि मी सांगितलेली करत नव्हती.) पाचव्या दिवशी तिने विचारलं, दार नीट आहे हे तुम्ही ठरवता तरी कसं? मी म्हटलं, चालून बघतो, अठरा वर्षं बघतोय. ती म्हणाली, दाखवा. मी सवयीप्रमाणे कोपऱ्यातली शिडी खांद्यावर टाकली, हत्यारांची पिशवी काखेत मारली आणि बैठकीच्या खोलीतून तरातरा चालत गेलो. ती बघत राहिली. मग म्हणाली, "आई काय शिडी घेऊन गेल्या होत्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे?"

मी मटकन खाली बसलो. शिडीसकट. खरंच सांगतो, अठरा वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. काम संपलं की सामान उचलायचं, आणि निघता निघताच चालून बघायचं, वेळ वाचतो. माझ्यासारखा अगडबंब माणूस, खांद्यावर आठ फुटी शिडी, घोड्यासारखी चाल. मी आलो हे त्या सेन्सरला मी घरून निघतो तेव्हाच कळत असणार. मी फॉर्मवर 'चालून पाहिलं, ठीक' लिहायचो आणि ते खोटंही नव्हतं. माझ्यासाठी सगळी दारं ठीकच होती. मग मी कपाटातून जुन्या फॉर्मच्या प्रती काढल्या. 'वापरणाऱ्याची चूक' असलेले वेगळे करत गेलो. एक काठीवाले आजोबा. एक बाई, दिवस भरत आलेल्या. पायाला प्लास्टर असलेला एक कारकून. पुन्हा तेच आजोबा. सगळ्यांच्या खाली सह्या. अर्धा गठ्ठा झाल्यावर मी प्रती परत कपाटात टाकल्या आणि त्या रात्री जेवलो नाही. (म्हणजे एक पोळी कमी खाल्ली. पण ती न खाल्ल्याचं मला जाणवलं.)

दुसऱ्या दिवशी टायसाहेबांची परवानगी काढून मी दाराची सगळी जुळणी नव्याने करायला घेतली. आता प्रश्न असा, की चालून बघायचं कुणी? आधी मीच आईसारखं चालून पाहिलं. पाठ वाकवली, पाय सरकवले, हातात पिशवी घेतली. पहिल्या फेरीला वॉचमनने खुर्ची आणून दिली. दुसऱ्या फेरीला एका भल्या बाईने माझा दंड धरून मला आत पोचवलं आणि लिफ्टचं बटण दाबून दिलं; मी भिडेखातर सहाव्या मजल्यापर्यंत जाऊन आलो. तिसऱ्या फेरीला टायसाहेब जवळ आले, माझ्या तोंडाचा वास घेतला आणि काही न बोलता गेले. एवढं करून दार तिन्ही वेळा उघडलं होतं. पाठ वाकवली म्हणून देह थोडाच लहान होतो?

मग शेजारच्या आजोबांना घेऊन गेलो. वय ऐंशी, उंची आईएवढीच. हे निवृत्त कवायतीचे मास्तर आहेत, ही गोष्ट मी लक्षात घ्यायला हवी होती. मी म्हटलं, आजोबा, जरा रमतगमत चला. ते म्हणाले, रमतगमत आपण आयुष्यात चाललेलो नाही. आणि डावा-उजवा करत, हात खांद्यापर्यंत उचलत, ते त्या दारातून अकरा वेळा गेले. शेवटी वॉचमन त्यांना सलाम ठोकायला लागला. नंतर मी सेन्सरची संवेदना वाढवली, तर दार रस्त्यावरच्या बसलाही उघडायला लागलं, पायरीवरच्या कबुतरालाही. दिवसभर सताड उघडं. आतल्या बायका थंडीच्या दिवसांसारख्या शाली पांघरून बसल्या, कागद उडाले, आणि टायसाहेबांचा टाय त्यांच्या खांद्यावरून मागे गेला. तो त्या अवस्थेत पाहणारा मी पहिलाच असेन.

असो. हळूहळू जमवत आणलं. आता ते दार उत्तम चालतंय, टायसाहेब समाधानी आहेत, आणि आईला सांगायला हरकत नाही की तिच्यामुळे एक सुधारणा झाली. तिने सावकाश यावं. न आली तरी आमचं काही अडत नाही. हवापालट झाला की माणसाला बरं वाटतं. तुम्ही सगळे प्रकृतीला जपा. थोरांना नमस्कार, धाकट्यांना माझ्यातर्फे एकेक टपली.

तुझा,
लहानपणी तू ज्याला उंदराला घाबरतो म्हणून चिडवायचीस आणि जो अजूनही घाबरतो तो,
धाकटा भाऊ

ता. क. हे पत्र तुझ्या भावजयीने वाचलं आणि पाकीट बंद करू न देता पेन माझ्या हातात परत दिलं. म्हणून लिहितो: दार उत्तम चालत नाही. कबुतराला उघडतं ते बंद केलं की हळू चालणाऱ्याला उघडत नाही, आणि मधलं माप मला सापडत नाही, कारण खरोखर हळू चालणारं माणूस माझ्या घरात नाही. टायसाहेब अजिबात समाधानी नाहीत. आणि न आली तरी अडत नाही, हेही खरं नाही. स्वयंपाकघराच्या दारात हल्ली कुणी थांबत नाही. मी तिथून सरळ आत जातो आणि आपण कशाला आलो होतो तेच आठवत नाही. मला करमत नाही गं, ताई.

ता. क. २. एक गोष्ट मी पत्रातही गाळली आणि फॉर्मवरही. आई उंबऱ्यावर उगीच थांबली नव्हती. मी मागून येतोय की नाही, ते बघायला ती वळली होती. दारांचं सगळं मला कळतं म्हणतात, आणि हे मी समोर उभा राहून पाहिलं होतं. तरी फॉर्मवर ते दोन शब्द लिहिले. हे तिला वाचून दाखवू नकोस.

ता. क. ३. आई, ताई तुला हे वाचून दाखवतेच आहे, मला माहीत आहे. तो फॉर्म मी ऑफिसातून मागून घेतला आणि 'वापरणाऱ्याची' खोडून 'दुरुस्त करणाऱ्याची' केलं. साहेब म्हणाले, असं लिहायची पद्धत नाही. मी म्हटलं, आता पडेल. तू इथेच विसरलेल्या चष्म्याला नवी दांडी बसवून आणली आहे. रविवारच्या गाडीचं तिकीट सोबत पाठवतो आहे. चुकलो मी, आई. घरी ये. त्या दारातून तुला हवं तेवढं हळू जा, चार जणांना आधी जाऊ दे, मध्येच थांब, वळून बघ. मी मागेच असेन.